आर्मस्ट्राँगचा मनोरा आणि माझा वीस डॉलरचा ट्यूनर

मागच्या महिन्यात इथे न्यू जर्सीत, आमच्याच रस्त्यावरच्या एका गराज सेलमध्ये मी वीस डॉलरला एक एफएम ट्यूनर उचलला. ट्यूनर म्हणजे नुसता रेडिओचा जीव. स्पीकर नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, ते आपण आपले जोडायचे. १९७० च्या दशकातला जपानी माल: पुढे घासलेलं अ‍ॅल्युमिनियम, बाजूने लाकूड, आणि स्टेशन लावायचं चाक इतकं जड की एकदा फिरवलं की सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःच घरंगळत जाते. विकणाऱ्या आजोबांना विचारलं, चालतो का? म्हणाले, रेगन अध्यक्ष होते तेव्हा चालत होता!

घरी आणून लावला. स्टेशन लागलं, पण आवाजामागे सतत एक घुरघुर. डावा चॅनल उजव्याच्या निम्मासुद्धा नाही. आणि पुढच्या पट्टीवरचा 'स्टिरिओ' लिहिलेला लाल दिवा काही केल्या लागेना.

बाबांना फोन केला. कॉलेजात असताना त्यांनी हौसेने रेडिओ दुरुस्त केले आहेत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, कपॅसिटर वाळले असतील. आधी पॉवर सप्लायचे बघ. आणि प्लग काढल्याशिवाय हात घालू नकोस." मग थोडं थांबून, "एवढ्या खर्चात नवीन येत नाही का रे?" मी विषय बदलला.

कपॅसिटर 'वाळतो' म्हणजे अक्षरशः वाळतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी, मध्ये एका द्रवात भिजवलेला कागद. हा द्रव वर्षानुवर्षं बुडाच्या रबरातून हळूहळू उडून जातो. अंतर्गत रोध वाढतो, क्षमता घटते. उष्णता याची वैरीण. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. (२००० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे प्रकरण वेगळं सांगायला नको.) घुरघुरीचा उलगडाही यातच आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून गेल्यावर तिच्या १२० हर्ट्झच्या लाटा होतात. त्या सपाट करणं हे मोठ्या कपॅसिटरचं काम. तो थकला, की लाटा थेट तुमच्या गाण्यात.

दोन शनिवार गेले. जुने मोठे कपॅसिटर काढून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज थोडं जास्त असलेले नवे बसवले. आवाजाच्या वाटेवरचे छोटेही बदलले. प्रत्येक वेळी वजाची बाजू दोनदा बघून, कारण उलटा लावला तर फुटतो. सगळे मिळून चौदा डॉलर आणि टपालखर्च. रेडिओ लहरी जिथे आत येतात त्या भागातल्या सिरॅमिक आणि पॉलिस्टायरिन कपॅसिटरना मात्र हात लावला नाही. ते वाळत नाहीत, आणि ट्यून केलेल्या सर्किटमधला एक जरी पिकोफॅरड इकडचा तिकडे झाला तरी सगळी घडी विस्कटते. 'चालू कोडला हात लावू नये' हा आपला नियम तिथेही लागू.

घुरघुर गेली. डावा चॅनल परत आला. दिवा? छे!

आता हा दिवा कशाने लागतो ते बघायला गेलो आणि तिथेच अडकलो. स्टिरिओ एफएमची पद्धत अमेरिकेच्या एफसीसीने एप्रिल १९६१ मध्ये ठरवली आणि १ जूनपासून प्रसारण सुरू झालं. कल्पना फार देखणी आहे. डावा अधिक उजवा, अशी बेरीज नेहमीच्या जागी पाठवायची, म्हणजे जुना मोनो रेडिओ काही न बदलता चालू राहतो. डावा वजा उजवा, ही वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, कानाला ऐकूच येणार नाही अशा उंचीवर बसवायची. आणि १९ किलोहर्ट्झवर एक बारीक शिट्टी सोडायची. ती ऐकू आली की ट्यूनर समजतो की स्टिरिओ आहे. मग तिच्या दुप्पट वारंवारतेने तो वजाबाकी उलगडतो आणि दिवा लावतो. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी याहून चांगली मी तरी पाहिलेली नाही.

माझ्या ट्यूनरचा दोष असा, की ही शिट्टी पकडणाऱ्या चिपचा आतला ठोका चाळीसेक वर्षांत सरकला होता. मल्टिमीटर लावला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी सुई ठेवली आणि एक बारकासा स्क्रू पाव फेरा फिरवून आकडा १९.०० वर आणला. स्टेशन लावलं. लाल दिवा लागला. रात्रीचे साडेबारा वाजले होते, ओरडता येत नव्हतं.

पण ही बेरीज-वजाबाकी मावते कुठे? एफएमच्या प्रत्येक स्टेशनाला २०० किलोहर्ट्झची ऐसपैस जागा मिळते. एएमला अमेरिकेत दहा. ही जागा ज्याने मागून घेतली तो माणूस म्हणजे एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. १९२२ मध्ये जॉन कार्सन या गणितीने कागदावर दाखवून दिलं होतं, की अरुंद पट्ट्यातल्या एफएमचा काही फायदा नाही. बहुतेकांनी तिथेच फाइल बंद केली. आर्मस्ट्राँगने उलटा प्रश्न विचारला: अरुंद कशाला? रुंद करून बघू. वीज चमकली की लहरीची उंची बदलते. माहिती उंचीत ठेवलीच नाही, वारंवारतेच्या मोठ्या झोक्यात ठेवली, तर उंचीवरचा कचरा सरळ छाटून टाकता येतो. २६ डिसेंबर १९३३ ला त्याला पेटंटं मिळाली. पुढच्या वर्षी आरसीए कंपनीच्या परवानगीने एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या झाल्या. रिसीव्हर आधी लाँग आयलंडवर आणि नंतर आमच्याच न्यू जर्सीतल्या हॅडनफिल्डला, सुमारे ८० मैलांवर. ५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर मंडळींपुढे त्याने जाहीर प्रयोग केला. मित्राच्या घरून, यॉन्कर्सहून प्रक्षेपण. ग्लासात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज लोकांनी रेडिओवर ऐकला. तोवर रेडिओवर पाणी काय आणि खरखर काय, सारखंच!

आरसीएचा प्रमुख डेव्हिड सार्नॉफ हा त्याचा जुना मित्र. आर्मस्ट्राँगची बायको मेरियन ही सार्नॉफचीच एकेकाळची सेक्रेटरी. पण कंपनीचे पैसे आणि भवितव्य टेलिव्हिजनमध्ये गुंतलेले. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरून सामान हलवायला सांगण्यात आलं. त्याने स्वतःच्या खर्चाने हडसनकाठच्या कड्यावर, अल्पाईन या गावात, तीन आडव्या हातांचा प्रचंड मनोरा उभारला आणि १९३९ पासून तिथून नियमित प्रसारण केलं. १९४१ पासून ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यावसायिक एफएम सुरू झालं. लोक रेडिओ विकत घेऊ लागले.

मग जून १९४५ मध्ये एफसीसीने एफएमला उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ठेवलं. कारण दिलं वातावरणातल्या वरच्या थरांमुळे होणाऱ्या अडथळ्यांचं. आर्मस्ट्राँगने ते मान्य केलं नाही. काही काळ दोन्ही पट्टे चालले, आणि मग जुना बंद. लोकांच्या घरातले चार-पाच लाख संच, एकही पार्ट न बिघडता, निकामी झाले. मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त हेच लागलं. कपॅसिटर वाळला तर बदलता येतो. कुणी पट्टाच हलवला तर सोल्डरिंग आयर्न घेऊन कुठे जाणार? (नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, तेव्हा तिथल्या माझ्यासारख्या कुणाचा तरी लाल दिवा असाच विझला असणार.)

१९४८ मध्ये आर्मस्ट्राँगने आरसीएवर पेटंटसाठी खटला भरला. तो इतका लांबला की पैसा संपला, पेटंटांची मुदत संपली आणि संसारही मोडला. एका लहरीवर एकाहून अधिक कार्यक्रम पाठवायचे प्रयोग तो शेवटपर्यंत करत होता. जानेवारी १९५४ च्या शेवटच्या रात्री त्याने आत्महत्या केली. त्याच वर्षी आरसीएने दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम देऊन खटला मिटवला. उरलेल्या कंपन्यांशी मेरियन लढत राहिली. शेवटचा खटला ती १९६७ मध्ये जिंकली. तोवर स्टिरिओ सुरू होऊन सहा वर्षं झाली होती.

गेल्या रविवारी गाडी काढून अल्पाईनला गेलो. मनोरा अजून उभा आहे. आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच पाहिला. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही वाहिन्यांनी तात्पुरता आसरा घेतला तो याच मनोऱ्याचा. नदीपलीकडे यॉन्कर्स स्वच्छ दिसत होतं. गाडीत एफएम लावलेलंच होतं, एक शब्दही खरखर नाही.

जून २००५ मध्ये, मी तिसरीत वगैरे असताना, याच मनोऱ्यावरून एक स्मृती-प्रसारण झालं. तेही जुन्या पट्ट्यात, ४२.८ मेगाहर्ट्झवर. साठ वर्षांपूर्वी निकामी ठरवलेला संच ज्यांनी जपून ठेवला होता त्यांना त्या दिवशी त्याची सुई पुन्हा एका खऱ्या स्टेशनावर नेता आली. आणि तो संच चालू होता, म्हणजे त्याचे कपॅसिटर कुणीतरी कधीतरी बसून बदललेले असणारच.