एकाकी मधमाश्या : कुंभकोणम् परिसर
राणी व कामकरी असा भेद न ठेवता, जीत प्रत्येक मादी स्वतःच घरटे कोरते, पराग व मकरंद यांच्या गोळ्यावर अंडे घालते आणि कोठडी बंद करते, अशा वन्य मधमाश्यांची ही जात. कावेरी व अरसलार या नद्यांमधील कुंभकोणम्‌च्या मुलखात, भातखाचरे दीर्घकाळ जलमग्न राहत असल्यामुळे भूमीत बिळे करणाऱ्या निळपट्टी माश्यांना उंच बांध, नदीकाठ व मातीच्या भिंती हाच आश्रय उरतो. भुंगा मात्र वाळका वेळू किंवा जुनी तुळई पोखरून लाकडाच्या भुशाचे पडदे उभारतो. आणि पर्णकर्तक माशी पानांच्या लंबगोल व वर्तुळाकार तुकड्यांच्या कोठड्यांची रांग रचते, तीत मागील बाजूस मादीची व द्वारानजीक नराची अंडी ठेवते. ही व्यवस्था विलक्षणच म्हटली पाहिजे, कारण अगोदर बाहेर पडणाऱ्या नरांची वाट त्यामुळे मोकळी राहते. भाताला या माश्यांची गरज नाही. वांग्याच्या फुलातील परागकोश मात्र निळपट्टी माशी व भुंगा आपल्या स्नायूंच्या कंपनाने हलवून रिकामे करतात, आणि हे कार्य पाळीव सातेरी माशीला साधत नाही. म्हणून बांधावरचे वाळके वेळू सरसकट जाळू नयेत.