नैसर्गिक क्षीणन : विद्रावकांनी दूषित झालेले भूजल आणि मुंबई बेट

जमिनीत मुरलेल्या दूषित द्रव्यांचे प्रमाण, विषारीपणा किंवा फैलाव जमिनीतल्याच भौतिक, रासायनिक व जैविक क्रियांनी आपोआप घटत जाणे म्हणजे नैसर्गिक क्षीणन. भूजल शुद्धीकरणाचा उपाय म्हणून ते स्वीकारले जाते, तेव्हा त्याला ‘देखरेखीखालील नैसर्गिक क्षीणन’ म्हणतात. त्यात पाणी उपसून शुद्ध करण्याची यंत्रणा नसते. घट खरोखर होते आहे आणि ती पुरेशा वेगाने होते आहे, हे वर्षानुवर्षे मोजून सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र असते. ती नसेल, तर उरते ते केवळ दुर्लक्ष. या नोंदीत क्लोरिनयुक्त विद्रावकांचा विचार गिरगाव ते दादर, परळ व लालबाग या जुन्या मुंबईच्या संदर्भात केला आहे.

विद्रावके व त्यांचे वर्तन

यंत्राच्या भागांवरचे वंगण काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन आणि ड्रायक्लीनिंगसाठी पर्क्लोरोएथिलीन विसाव्या शतकात जगभर वापरले गेले. भारतातील कापड उद्योगात तेलाचे डाग काढण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे ‘सीटीसी’, वापरत. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार १ जानेवारी २०१० पासून भारताने असा वापर बंद केला.

ही द्रव्ये पाण्यापेक्षा जड आहेत. पाण्याच्या तुलनेत ट्रायक्लोरोएथिलीन सुमारे १·४६ पट, कार्बन टेट्राक्लोराइड १·५९ पट, तर पर्क्लोरोएथिलीन १·६२ पट जड भरते. छापखान्यात खिळे व रोलर धुण्याचे रॉकेल सांडले, तर ते भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगते आणि जिवाणू ते अन्न म्हणून खातात. क्लोरिनयुक्त विद्रावक मात्र भूजलातून खाली उतरत कातळाच्या भेगांत साचते. तेथून ते अतिशय हळूहळू विरघळत राहते आणि प्रवाहाच्या दिशेने दूषित पाण्याचा लांबट पट्टा तयार होतो. म्हणूनच विद्रावकांचे क्षीणन हा इंधनगळतीच्या क्षीणनाहून कितीतरी अवघड विषय आहे.

क्षीणनाच्या क्रिया

पाण्यात मिसळून विरळ होणे, मातीच्या कणांवर अधिशोषण होणे आणि वाफ होऊन वर जाणे या क्रियांनी रसायनाचे पाण्यातील प्रमाण घटते, पण त्याचा रेणू तसाच राहतो. वाफ तर तळघरात शिरून तेथील हवेत साठू शकते. रेणू खरोखर मोडतो तो मुख्यतः जिवाणूंमुळे. प्राणवायू नसलेल्या पाण्यात काही जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी क्लोरिनयुक्त रेणू वापरतात आणि दर टप्प्यावर एक क्लोरिन अणू काढून त्याच्या जागी हायड्रोजन बसवतात. पर्क्लोरोएथिलीनपासून ट्रायक्लोरोएथिलीन, त्यापासून डायक्लोरोएथिलीन, मग व्हिनिल क्लोराइड आणि अखेर निरुपद्रवी एथिलीन, अशी ही साखळी आहे. एकट्याने ती शेवटापर्यंत नेणारा जिवाणू १९९७ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा केला. ‘डीहॅलोकोकॉइडीझ’ हे त्याच्या प्रजातीचे नाव.

ही साखळी मध्येच अडली, तर धोका वाढतो. व्हिनिल क्लोराइड हे माणसात कर्करोग निर्माण करते हे सिद्ध झाले आहे. पिण्याच्या पाण्यात अमेरिकी मर्यादा ट्रायक्लोरोएथिलीनसाठी लिटरला ५ मायक्रोग्रॅम, तर व्हिनिल क्लोराइडसाठी २ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे अर्धवट क्षीणनानंतरचे पाणी मूळ पाण्याहून घातक असू शकते.

पुरावा कसा गोळा करतात

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये क्लोरिनयुक्त विद्रावकांच्या क्षीणनासाठी तांत्रिक कार्यपद्धती आणि १९९९ मध्ये धोरणात्मक निर्देश प्रसिद्ध केले. पुढे इतर देशांतही हीच चौकट आधाराला घेतली गेली. तिच्यात पुराव्याचे तीन स्तर आहेत : निरीक्षण विहिरींत प्रमाण सातत्याने घटत असल्याच्या नोंदी, भूजलाच्या रसायनशास्त्रातून विघटनाचा पुरावा, आणि गरज पडल्यास जिवाणूंचा प्रत्यक्ष प्रयोगशाळेत अभ्यास.

नमुना घेण्यात थोडी हयगय झाली, तरी पुरावा वाया जातो. पंप अगदी मंद चालवतात. विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता व क्षपण-विभव यांचे आकडे स्थिरावले की पाणी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरतात. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची; हवेचा एक बुडबुडा दिसला तरी विद्रावक त्यात निसटते, म्हणून नमुना पुन्हा घ्यायचा. आम्ल घालून जपलेली कुपी बर्फात ठेवून चौदा दिवसांच्या आत तपासावी लागते.

निष्कर्षांचे आकडे वजनात वाचले, तर फसगत होते. सगळे ट्रायक्लोरोएथिलीन डायक्लोरोएथिलीनपर्यंतच येऊन थांबले, तरी वजन सुमारे २६ टक्क्यांनी घटलेले दिसते, कारण रेणूभार १३१ वरून ९७ वर आलेला असतो. रेणूंची संख्या मात्र तेवढीच असते. म्हणून हिशेब मोलमध्ये करतात. आणखी खात्रीचा पुरावा कार्बनच्या समस्थानिकांतून मिळतो. जिवाणू हलक्या कार्बन-१२ चे बंध आधी तोडतात. त्यामुळे उरलेल्या रसायनात जड कार्बन-१३ चे प्रमाण वाढत जाते. केवळ पाण्यात मिसळून विरळ झालेल्या रसायनात हे प्रमाण बदलत नाही.

मुंबई बेटाची परिस्थिती

बेटाचा पाया बेसाल्ट व त्यासारख्या ज्वालामुखीय खडकांचा आहे. टेकड्यांमधल्या सखल भागात खाडीचा काळा गाळ आणि त्यावर दोन-अडीचशे वर्षांत टाकलेली भरणी आहे. १७८४ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या वरळीच्या बांधामुळे (हॉर्नबी व्हेलार्ड) मध्य मुंबईच्या सखल जमिनीत येणारे समुद्राचे पाणी अडले. पुढे या परिसरातच गिरणगाव उभे राहिले. गाळ, भरणी आणि भेगाळलेला कातळ या तिन्हींतून पाणी वेगवेगळ्या गतीने वाहते. कातळातील एक मोठी भेग दोन निरीक्षण विहिरींच्या मधून निघून गेली, तर तिच्यातील दूषित पाण्याचा पत्ताही लागत नाही.

काही गोष्टी क्षीणनाला पोषक आहेत. खाडीच्या गाळात आणि गटारांतून झिरपणाऱ्या पाण्यात सेंद्रिय कार्बन भरपूर असतो. तो कुजताना प्राणवायू संपतो आणि जिवाणूंना लागणारा हायड्रोजन तयार होतो. उथळ भूजल वर्षभर उबदार असते, त्यामुळे थंड देशांच्या मानाने येथे जिवाणूंची क्रिया जलद होऊ शकते.

समुद्र मात्र आड येतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते. सल्फेट वापरणारे जिवाणू त्याच हायड्रोजनवर जगतात, त्यामुळे क्लोरिन काढण्याची क्रिया (विक्लोरिनीकरण) मंदावते किंवा डायक्लोरोएथिलीनपाशी अडते. अमेरिकी कार्यपद्धतीत लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फेटही स्पर्धेची शक्यता दाखवणारे मानले आहे. इतरत्र विघटनाची खूण म्हणून क्लोराइडची वाढ मोजतात. चौपाटीलगतच्या गिरगावात क्षारयुक्त पाण्यापुढे ती वाढ ओळखूच येणार नाही.

पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सप्टेंबरमधला उतरलेला आकडा हा बहुधा पावसाने पातळ केलेल्या पाण्याचा असतो. म्हणून मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही वेळी, भरती-ओहोटीची वेळ नोंदवून, सलग अनेक वर्षे नमुने घेणे आवश्यक आहे.

विहिरी, गिरण्या आणि नवे बांधकाम

विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने येईपर्यंत शहर विहिरी व तलावांवर जगत होते. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांच्या हिवतापावरील अहवालाने विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस डासांकडे बोट दाखवले आणि अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. नीट न भरलेली जुनी विहीर दूषित द्रव्याला थेट खोल कातळापर्यंत नेणारी वाट ठरू शकते. तिचे स्थान नकाशावर आधी नोंदवायला हवे.

पिण्याचे पाणी धरणांतून येत असले, तरी विहिरी आणि बोअरवेलचे पाणी आजही टँकरने बांधकामांना व सोसायट्यांना पुरवले जाते. नळाला पाणी ठरावीक वेळच येते. दाब नसताना फुटक्या जोडांतून आजूबाजूचे भूजल आत खेचले जाऊ शकते. भूजल कोणी पीत नाही, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे.

गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ आणि त्यातील २००१ च्या बदलानंतर त्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. जमिनीचे वाटप, घरे, मोकळी जागा यांवर मोठा लढा झाला. साचेखाते, रंगखाते, यंत्रदुरुस्ती आणि तेलाची कोठारे जिथे होती त्या मातीखालचे पाणी तपासण्याची मागणीही तितक्याच आग्रहाने व्हायला हवी. खोल तळघरांसाठी होणारा उपसा भूजलाची दिशा बदलतो. एका जागी स्थिर असलेला दूषित पट्टा शेजारच्या इमारतीखाली सरकू शकतो आणि काल मोजलेले क्षीणन आज लागू राहत नाही.

मर्यादा व कायदा

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००० मधील अहवालात स्पष्ट केले, की ही पद्धत मोजक्याच प्रदूषकांच्या बाबतीत भरवशाची आहे आणि बाधित लोकांना निर्णयात आरंभापासून सहभागी करून घ्यावे. मूळ साठा शक्य तितका काढणे, पट्टा वाढत नसल्याचा पुरावा, वाजवी मुदत आणि घट थांबल्यास अमलात आणायची पर्यायी योजना, या स्वीकाराच्या किमान अटी होत.

भारतीय पेयजल मानक आय.एस. १०५०० (२०१२) मध्ये क्लोरोफॉर्मची मर्यादा आहे. ट्रायक्लोरोएथिलीन व पर्क्लोरोएथिलीन त्यात नाहीत. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत ‘योग्य’ ठरलेल्या पाण्यातही ही द्रव्ये असू शकतात. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची सहामाही माहिती द्यायची, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आणि शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा आहे.

क्षीणनाला दशके लागतात, आणि तेवढ्या काळात मुंबईत एका भूखंडाचे मालक, विकासक व रहिवासी अनेकदा बदलतात. निरीक्षण विहीर पोडियमखाली गाडली गेली की पुरावाही संपतो. म्हणून विहिरींची जागा, नमुन्यांचे वेळापत्रक, खर्चाची तरतूद आणि जबाबदार संस्थेचे नाव ही बांधकाम परवानगीची अट असावी, आणि निष्कर्ष तेथे राहणाऱ्यांना मराठीतून, मागितल्याशिवाय मिळावेत. एवढी तयारी नसेल त्या जागेवर या पद्धतीला मान्यता देऊ नये.