किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटर

मेक्सिकोच्या नकाशावर एक प्रयोग करून बघा. देशाच्या सीमेपासून आत १०० किलोमीटर आणि समुद्रापासून आत ५० किलोमीटर अशी पट्टी रंगवा. कॅनकून, तुळूम, पुएर्तो व्हायार्ता, काबो सान लुकास... परदेशी पर्यटक जातात ती बहुतेक ठिकाणं त्या रंगात येतील. या पट्टीत परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही, असं मेक्सिकोच्या राज्यघटनेचं २७ वं कलम १९१७ पासून सांगतंय. आणि तरीही याच पट्टीत कितीतरी अमेरिकन आणि कॅनेडियन लोकांची घरं आहेत, गेस्ट हाउसं आहेत, डायव्हिंग शिकवायची दुकानं आहेत.

आमच्या क्लायंटकडचा एक मॅनेजर मागे कॉल सुरू व्हायची वाट बघताना सांगत होता, की त्याने प्लाया देल कार्मेनला फ्लॅट घेतला. पैसे सगळे भरले, पण कागदावर मालक एक मेक्सिकन बँक आहे. वर ती बँक दरवर्षी त्याच्याकडून फी घेते! आपल्याकडे सातबारावर दुसऱ्याचं नाव असेल तर झोप लागत नाही; हा गडी मात्र निवांत. म्हटलं, बघू तरी काय भानगड आहे. वाचत गेलो तर धागा दोनशे वर्षं मागे गेला, आणि योगायोग असा की तो मॅनेजर राहतो त्याच शहराच्या नावापाशी जाऊन थांबला: ऑस्टिन, टेक्सास.

१८२१ साली मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला तेव्हा टेक्सास त्यांच्याकडे होतं. वस्ती विरळ, कोमांची लोकांचे हल्ले चालू, आणि तिजोरीत खडखडाट. सरकारने ठरवलं, बाहेरच्यांना बोलवू, जमीन देऊ, ते वस्ती करतील. स्टीफन ऑस्टिन नावाच्या अमेरिकन माणसाला ३०० कुटुंबं आणायचा परवाना मिळाला. गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला ४,४०० एकरांहून जास्त जमीन, जवळजवळ फुकट. अट एवढीच की मेक्सिकोचे नागरिक व्हायचं आणि कॅथलिक व्हायचं. आजच्या सरकारी भाषेत याला 'गुंतवणूकदारांना पायघड्या' म्हणतात.

सरकार अगदीच भोळं नव्हतं. १८२४ च्या वसाहत कायद्यात एक कलम होतं: परदेशाच्या सीमेपासून २० लीग आणि समुद्रापासून १० लीग अंतरात केंद्राच्या मंजुरीशिवाय वसाहत करायची नाही. तिथली लीग साधारण ४.२ किलोमीटरची. म्हणजे ८४ किलोमीटर आणि ४२ किलोमीटर. आता १९१७ चे आकडे बघा: १०० आणि ५०. सीमेला दुप्पट आणि किनाऱ्याला निम्मं, हे प्रमाण ९३ वर्षांनी जसंच्या तसं! जुन्या कोडमध्ये कधीकधी एखादा आकडा सापडतो, तो कुणी आणि का लिहिला ते टीममध्ये कुणालाच माहीत नसतं, आणि म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. इथे फरक इतकाच, की हा आकडा का लिहिला ते प्रत्येक मेक्सिकन शाळकरी मुलाला माहीत आहे.

कारण पुढे जे झालं ते असं. १८२४ च्या कायद्यात मंजुरीची पळवाट होतीच; १८२८ मध्ये ऑस्टिनला खुद्द किनाऱ्याच्या राखीव पट्ट्यात वसाहतीची परवानगी मिळाली. अमेरिकन येत राहिले, सोबत गुलाम आणत राहिले. थोड्याच वर्षांत टेक्सासमध्ये त्यांची संख्या मेक्सिकनांच्या कितीतरी पुढे गेली. ६ एप्रिल १८३० ला मेक्सिकोने कायदा करून अमेरिकनांचं येणं बंद केलं, पण तोवर उशीर झाला होता. १८३६ मध्ये टेक्सास फुटलं, १८४५ मध्ये अमेरिकेत विलीन झालं, १८४६ मध्ये युद्ध लागलं आणि १८४८ च्या तहात कॅलिफोर्नियासकट सगळा उत्तर भाग गेला. टेक्सास धरून देशाचा निम्म्याहून जास्त प्रदेश. सुरुवात कशातून? जमिनीच्या परवान्यांतून.

दुसरी जखम विनोदी वाटेल अशी आहे. मेक्सिको सिटीजवळ एका फ्रेंच माणसाचं केक-पेस्ट्रीचं दुकान होतं. सैनिकांनी आपल्या दुकानाची नासधूस केली म्हणून त्याने फ्रान्सच्या राजाकडे तक्रार केली. फ्रान्सने त्यात इतर नागरिकांचे दावे घालून सहा लाख पेसो मागितले. मिळेनात, तेव्हा १८३८ मध्ये आरमार पाठवून व्हेराक्रूझ बंदराची नाकेबंदी केली आणि तिथल्या किल्ल्यावर तोफा डागल्या. इतिहासात याला चक्क 'पेस्ट्री युद्ध' म्हणतात. परदेशात छोटा धंदा टाकणाऱ्या माणसाच्या मागे केवढी ताकद उभी असू शकते, याचा हा नमुना.

म्हणून २७ व्या कलमात अजून एक अट आली. परदेशी माणसाला मेक्सिकोत कुठेही मालमत्ता घ्यायची असेल तर आधी परराष्ट्र खात्याला लिहून द्यायचं: या मालमत्तेपुरता मी मेक्सिकन आहे, तक्रार घेऊन माझ्या सरकारकडे जाणार नाही, गेलो तर मालमत्ता जप्त. अर्जेंटिनाच्या कार्लोस काल्व्हो या कायदेपंडिताच्या विचारातून आलेली ही अट आजही आहे.

१९१० ची क्रांती झाली ती बऱ्याच अंशी जमिनीवरून. पोर्फिरिओ दियाझच्या राजवटीत परकीयांना प्रचंड जमिनी मिळाल्या होत्या. मेक्सिकालीच्या खोऱ्यात लॉस एंजेलिसच्या भांडवलदारांच्या एकाच कंपनीकडे आठ लाख एकरांच्या आसपास जमीन होती. ती १९३७ मध्ये शेतमजुरांनी ताब्यात घेतली आणि राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी तिचे 'एहिदो' करून दिले. एहिदो म्हणजे गावाने सामाईक धरलेली जमीन. कसायची, पोरांना द्यायची, पण विकायची नाही, असा नियम १९९२ पर्यंत होता.

इथे एक मराठी माणूस येतो. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले आणि क्रांतीनंतर जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटताना रंगवलंय. म्हणजे मेक्सिकोचं भांडण परक्या माणसाशी कधीच नव्हतं. जमिनीच्या कागदावरच्या परक्या नावाशी होतं.

मग १९७० च्या सुमारास सरकारला डॉलर हवे झाले. मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांनी अभ्यास करून कॅनकूनची जवळजवळ ओसाड वाळूची पट्टी निवडली. १९७४ मध्ये पहिली हॉटेलं उघडली. किनारा विकायचा तर होता, पण घटनेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तोडगा म्हणजे 'फिदेइकोमिसो', बँकेचा ट्रस्ट. मालकी बँकेची, राहणं, भाड्याने देणं, विकणं, वारसाला देणं हे सगळे हक्क परदेशी माणसाचे. १९७३ च्या कायद्यात मुदत ३० वर्षं होती, १९९३ च्या कायद्याने ५० केली आणि नूतनीकरणाची सोय ठेवली. शिवाय घर नसून धंद्याची जागा असेल, म्हणजे लहानसं हॉटेल वगैरे, तर मेक्सिकन कंपनी काढून त्या कंपनीच्या नावे थेट घेता येते, भले कंपनी सगळी परदेशी मालकीची असो. घटना शाबूत, डॉलरही आले. आम्ही याला पॅच म्हणतो :)

पण पॅच फक्त वरच्या थरावर असतो. खालच्या जमिनीचा कागदच वादात असेल तर? एन्सेनादाजवळ पुंता बांदा इथे अमेरिकन लोकांनी, त्यात बरेच निवृत्त, एका एहिदोकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवर घरं बांधली. जमिनीवर दुसऱ्यांचा दावा होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, एहिदो हरला आणि ऑक्टोबर २००० मध्ये लोकांना घरं सोडावी लागली. जून २०१६ मध्ये तुळूमला किनाऱ्यावरची डझनाहून जास्त छोटी हॉटेलं अशाच मालकीच्या वादात एका दिवसात रिकामी करवली गेली. पाहुणे बॅगा घेऊन रस्त्यावर. या लोकांचं वाईट वाटतंच. आयुष्याची पुंजी होती. पण एहिदोच्या जमिनीची भानगड काय असते हे दलालाला ठाऊक असतं, गावाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त पैसे देणाऱ्याला.

२०१३ मध्ये किनाऱ्यावर परदेशी लोकांना राहत्या घराची थेट मालकी द्यावी अशी घटनादुरुस्ती मेक्सिकोच्या खालच्या सभागृहात मंजूर झाली. सिनेटमध्ये मात्र ती अडकली ती अडकलीच. व्यवहारात फरक किती पडला असता? बँकेची फी वाचली असती, एवढाच. तरीही नाही. माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. बँकेचं नाव कागदावर असण्याने मॅनेजरचं काही बिघडत नाही, पण किनारा कुणाचा हे दरवर्षी फीच्या पावतीवर छापून येतं.

आपल्याकडे पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला घर-जमीन विकत घेता येत नाही, हे फेमा कायद्यात आहे. तरी गोव्यात अशा व्यवहारांच्या चौकशा झाल्या, तिथेही वाटा काढल्या गेल्या होत्या. महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही शेतजमीन सहज घेता येत नाही. ऑफिसात हल्ली कोकणातल्या 'सी व्ह्यू' प्लॉटची पत्रकं रोज मेलवर फिरतात, आणि आमच्यातले निम्मे लोक तो नियम म्हणजे नुसती कटकट समजतात. कूळकायदा कशासाठी आला, कुणाच्या किती पिढ्या त्या जमिनीवर राबल्या, हे विचारायला कुणाला वेळ नाही. पत्रकावर समुद्र दिसतो. गावचं नाव खाली बारीक अक्षरात असतं.