पन्नास हर्ट्झवरचा मारिओ

जुन्या व्हिडिओ गेमची प्रतवारी लावण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. संगणकावर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, सुरू करायचा, 1985 सालचा खेळ एकट्याने बसून खेळायचा आणि तो आजही तग धरतो का, याचा निकाल द्यायचा. या रीतीतून झालेल्या श्रेष्ठ खेळांच्या याद्या मुख्यतः अमेरिकेच्या आणि जपानच्या अनुभवावर उभ्या आहेत, आणि आपण त्या जशाच्या तशा उचलतो. ब्रह्मपुरी, वडसा, सिंदेवाही, नागभीड या विदर्भातल्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, हे खेळ ज्या यंत्रावर, ज्या टीव्हीवर आणि वर्षाच्या ज्या दिवसांत खेळले गेले, ते बाजूला ठेवून दिलेला निकाल इथल्यापुरता चुकतो, असं माझं म्हणणं आहे. बालपणाच्या हळवेपणातून मी हे म्हणत नाही. यंत्राचा पुरावाच तसा आहे.

निन्टेंडोने फॅमिकॉम हे यंत्र 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये विक्रीला आणलं. त्याच्या प्रोसेसरला कामापुरती स्मृती होती फक्त 2 किलोबाइट, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त हलत्या आकृत्या त्याला दाखवता येत नसत. 1985 मध्ये अमेरिकेत गेलेल्या आवृत्तीत परक्या कॅसेटी नाकारणारी चिप बसवली होती. मूळ जपानी यंत्रात ती नव्हती. तैवानच्या कारखान्यांनी या यंत्राच्या नकला काढल्या आणि त्या अर्ध्या जगात पोहोचल्या. भारतात त्या सामुराय, लिटल मास्टर आणि इतर कितीतरी नावांनी विकल्या गेल्या. याउलट सेगाचा मेगाड्राइव्ह 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत रीतसर आला, तेव्हा त्याची किंमत 18,000 रुपये होती. धानाच्या पिकावर किंवा शिक्षकाच्या पगारावर चालणाऱ्या घराला तो परवडण्यासारखा नव्हता. त्यामुळे इथला व्हिडिओ गेमचा इतिहास हा बहुतांशी नकलांचाच इतिहास आहे.

नक्कल म्हणजे तोच खेळ, असं मात्र नाही. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवत. भारताने स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत हा आकडा 50 होता. फॅमिकॉमचे खेळ स्वतःची गती याच आकड्यावरून मोजतात. पॅल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रात मारिओ मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगाने धावत असे, आणि त्याचं संगीतही तेवढंच संथ वाजे. या यंत्रांतल्या प्रोसेसरचा वेग मात्र जवळपास मूळचाच ठेवलेला असल्याने स्वर फारसे उतरत नसत, म्हणून काही वेगळं ऐकतोय अशी शंकाही येत नसे. ज्या उडीसाठी जपानी मुलाला सेकंदाचा सहावा भाग मिळे, तिच्यासाठी इथल्या मुलाला पाचवा भाग मिळे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ कठीण आहे की सोपा, ‘काँट्रा’तल्या गोळ्या चुकवणं न्याय्य आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरं या फरकाने बदलतात. बंदुकीच्या खेळांची गोष्ट तर आणखी टोकाची आहे. ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो टिपतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीचं चित्र ज्या काटेकोर क्षणी उमटतं, त्यावर ही सगळी युक्ती बेतलेली आहे. आजच्या सपाट पडद्यावर ती चालत नाही, आणि माउसने बदक टिपून पाहणारा भलताच खेळ तपासत असतो.

खेळांची निवडही इथे वेगळीच झाली. ‘64 इन 1’ किंवा ‘9999999 इन 1’ असं छापलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. आरंभीची स्टेज किंवा वेग बदलून तेच पुन्हा यादीत घुसवलेले असत. अशा कॅसेटीत लहान खेळच मावत. मारिओचा आकार 40 किलोबाइट, ‘बॅटल सिटी’चा 24. ‘झेल्डा’सारख्या लांब खेळाला जास्त जागा हवी, शिवाय खेळाडू कुठवर आला ते जपायला बॅटरी हवी, बनावट कॅसेट काढणाऱ्याला हा खर्च नको होता. म्हणजे इथल्या अभिजात खेळांची यादी तैवानमधल्या चिपच्या हिशेबाने घडली. मला हे मोलाचं वाटतं, कारण त्या हिशेबाने वगळलं तसं वाचवलंही. नाम्कोने 1985 मध्ये केलेला ‘बॅटल सिटी’ त्या यंत्रासाठी अमेरिकेत कधी निघालाच नाही, म्हणून तिथल्या याद्यांत तो दिसत नाही.

आणि इथल्या परिस्थितीत तो मला मारिओपेक्षा श्रेष्ठ वाटतो. ब्रह्मपुरीचं तापमान मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातं, विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि भर दुपारी मुलं घरातच कोंडलेली असतात. एक टीव्ही, दोन रिमोट आणि पाळीची वाट पाहणारी चार मुलं, अशा खोलीत मारिओ दोघांना आळीपाळीने खेळवतो. एक खेळतो, दुसरा नुसता पाहतो. ‘बॅटल सिटी’ दोघांना एकाच वेळी मैदानात उतरवतो. 35 स्टेज, प्रत्येकीत शत्रूचे 20 रणगाडे, राखायला एकच गरुड. आणि आपली गोळी सोबत्याला लागली तर तो काही वेळ जागीच खिळतो. कोण किल्ला राखणार, कोण पुढे जाणार, याचा करार तोंडानेच करावा लागतो. त्यात वीज. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या काळात, तेव्हा 2,340 मेगावॉटचं असलेलं महाऔष्णिक केंद्र ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातली गावंही तासन्‌तास अंधारात असत. जिथे काहीच जपून ठेवता येत नाही, तिथे दोन-तीन मिनिटांत पुरी होणारी स्टेज ही उत्तम रचना ठरते.

यावर आक्षेप येईल की कलाकृती तिच्या अंगच्या गुणांवर तोलावी, गावच्या विजेवर नाही. आक्षेप वजनदार आहे, पण झाडीपट्टीत तरी तो टिकत नाही. धानाची कापणी आटोपली की मंडईच्या जत्रांच्या आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत इथे रात्रभर चालणारी नाटकं होतात. वडशात त्यांच्या कंपन्या आहेत, आणि परशुराम खुणे या इथल्या नटाला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटेपर्यंत थंडीत बसणाऱ्या हजारोंसाठी बांधलेलं नाटक अडीच तासांच्या बंदिस्त नाट्यगृहाच्या मापाने मोजलं की ते पाल्हाळिक दिसतं, आणि तसं मोजलंही गेलं. प्रयोगाची जागा आणि वेळ तिथे नाटकाच्या बांधणीतच असते. व्हिडिओ गेममध्ये तर यंत्राशिवाय काही घडतच नाही, मग यंत्राला बाहेरचं कसं म्हणायचं? या मापाने सगळंच चांगलं ठरेल, ही भीतीही खरी नाही. ‘आइस क्लाइंबर’ दोघांना एकत्र खेळवतो, त्याची स्टेजही छोटी आहे. तरी त्यातली बाजूला जाणारी उडी इतकी आखूड आणि ताठर आहे की कमी वेगानेही तो दोष झाकला जात नाही. ‘काँट्रा’ दोघांसाठी अप्रतिम आहे, पण धबधब्याच्या स्टेजमध्ये वर चढणारा सोबती पडदा वर ओढतो आणि मागे राहिलेला काही चूक नसताना मरतो. हा रचनेचाच दोष आहे.

दुसरा आक्षेप चोरीचा. तो मी मान्य करतो. या नकलांतून नाम्को, कोनामी, हडसन या खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना काही मिळालं नाही, आणि कित्येक कॅसेटींतून त्यांची नावंही खोडली गेली. म्हणूनच इथल्या निकालात ती नावं आणि सालं नीट लिहिली पाहिजेत. पण तो निकाल देण्याचं साधन मात्र आज हाताशी आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरांत ‘डेंडी’ ही निवड असते. रशियात त्या नावाने खपलेल्या नकली यंत्राची, म्हणजे आपल्याही ओळखीची, 50 हर्ट्झची चाल ती देते. ती निवडावी आणि दुसरा रिमोट दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावा. एकट्याने खेळून लिहिलेलं ‘बॅटल सिटी’चं परीक्षण मी तरी ग्राह्य धरणार नाही.