कापशीच्या तलावावरचा हंस

अमरावतीत तीस वर्षं मी संस्कृत शिकवलं. नीरक्षीरविवेकाचा श्लोक आला की फळ्यावर लांब मानेचा, पांढराशुभ्र हंस काढायचो. हंस मी पाहिला होता तो कॅलेंडरवर, सरस्वतीच्या पायाशी! निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात बहिणीकडे अकोल्याला गेलो, तेव्हा भाच्यानं मला पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावावर नेलं. काठावर राखाडी पक्षी चरत होते. पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. भाच्याच्या पुस्तकात नाव होतं पट्टकादंब, खाली लॅटिनमध्ये 'आन्सेर इंडिकस'.

ते नाव वाचून मी थबकलो. आन्सेर म्हणजे हंसच. अर्थानंही आणि शब्दानंही. मूळ शब्द 'घान्स'सारखा काही तरी असावा. संस्कृतात त्याच्या 'घ'चा 'ह' झाला. ग्रीकांनी 'खेन' केलं, जर्मनांनी 'गान्स', इंग्रजांनी मधला 'न' गाळून 'गूस'. लॅटिनमध्ये आरंभीचा 'ह' गळाला, तो खेडुतांच्या बोलीमुळे, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या वऱ्हाडात नाही का डोळ्याचा 'डोया' होत?

गंमत अशी, की नात्यातला शब्द समोर आला तरी ओळखू येत नाही. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीनं लिहून ठेवलं, की जर्मनीतल्या पांढऱ्या हंसांना 'गांता' म्हणतात आणि त्यांची पिसं पौंडाला पाच दिनार भावानं जातात. भाव नीट टिपला, पण हा आपल्याच 'आन्सेर'चा भाऊ, हे त्याला कळलं नाही. पुढे खुद्द लॅटिनच्या काही लेकींनी तो शब्द टाकला. इटालियन 'ओका' आणि फ्रेंच 'वा' हे दोन्ही 'पक्षी' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले. म्हणजे हंसाला नुसतं 'पाखरू' म्हणण्यासारखंच! त्यांच्याकडे आन्सेर उरला तो मुख्यतः पोथ्यांत आणि पक्षिशास्त्रात.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्सनं कलकत्त्यात सांगितलं ते 1786 मध्ये. चारच वर्षांनी, 1790 मध्ये, जॉन लॅथमनं या पक्ष्याचं 'इंडिकस' असं बारसं केलं, पण त्याला घातलं मात्र 'आनास'मध्ये, म्हणजे बदकांत. आन्सेरमध्ये तो नंतर आला.

हे पक्षी उन्हाळ्याआधी हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात. 7,000 मीटरांहून अधिक उंचीवर उडताना त्यांची नोंद झाली आहे. मानससरोवराच्या ओढीनं निघालेले, कैलासापर्यंत मेघाची सोबत करणारे मेघदूतातले राजहंस मी वर्षानुवर्षं शिकवले. ते हेच असावेत, हे कधी मनातही आलं नव्हतं.

जाळं आवरणाऱ्या म्हाताऱ्या भोयाला मी उत्साहानं म्हणालो, "बाबा, हे हंस आहेत बरं का!"

तो हसला. "गुरुजी, हंस कोठचा आला अठी? हे तं बदकं हायेत. हंस पांढरा राह्यते."

मी काय बोलणार? तो पांढरा हंस फळ्यावर मीच तर काढत आलो होतो.