पहिला ठोका आणि हरवलेली नोंद

‘दादा, छत्तीस टक्के म्हणजे शंभरातल्या छत्तीस मुलांच्या हृदयात दोष का रे?’ सांगलीहून मामेबहिणीचा फोन आला, तेव्हा सिरुसेरीत रात्रीचे अकरा वाजले होते. उपचारांनंतर तिला चौथा महिना लागलेला. हाती बातमीचे कात्रण. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. वैद्यकाचा अधिकार मला नाही. पण टक्केवारी पाहिली की ‘कशाची?’ हे विचारण्याची सवय आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडतो.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्याचे ते फळ. देशातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणून तिची नोंद झाली, कारण प्रत्येक टप्प्याची कागदपत्रे जपली गेली होती.

वस्तुतः ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे इंग्लंडमधील लुईस ब्राऊनच्या जन्मानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली होती. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठवून ठेवलेला भ्रूण वापरला होता. सरकारी समितीने त्यांचा दावा नाकारला, परदेशी परिषदेला जाण्याची परवानगी मिळाली नाही, बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्या वाचून, १९९७ साली, ज्या यशाचे श्रेय स्वतःच्या चमूकडे होते ते त्यांनी जाहीरपणे मुखोपाध्यायांना अर्पण केले. विज्ञानात असे औदार्य विरळा.

त्या काळी प्रश्न एवढाच होता : मूल जन्मेल का? पुढचा प्रश्न यायला वेळ लागला : ते वाढेल कसे? गर्भावस्थेतील परिस्थिती पुढील आयुष्यातील हृदयरोगाची बीजे पेरते, हा विचार इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी मांडला. आपल्याकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून मातांची आणि त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे ठेवली. ती मुले नैसर्गिक गर्भधारणेची. तरी जन्मापूर्वीच्या काळाचा माग कसा काढावा, याचा वस्तुपाठ त्या कामाने दिला.

आता हृदयाकडे येऊ. प्रयोगशाळेत भ्रूण साधारण तीन ते पाच दिवस राहतो. हृदयाचा पहिला ठोका पडतो तो फलनानंतर सुमारे बावीस दिवसांनी, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चार कप्पे आकाराला येतात. म्हणजे हृदय घडते ते आईच्या गर्भाशयातच. मग दोष येतो कोठून?

२०२४ साली डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील सुमारे ७७ लाख मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत उपचारांनी जन्मलेली मुले होती १,७१,७३५. गंभीर हृदयदोष त्यांच्यात १.८४ टक्के, इतरांत १.१५ टक्के. आईचे वय, मधुमेह, धूम्रपान अशा बाबींचा हिशेब वजा घातल्यावर उरलेली तुलनात्मक वाढ, ती छत्तीस टक्के. जुळ्या-तिळ्यांत धोका अधिक. विशेष म्हणजे ताजा भ्रूण असो वा गोठवलेला, शुक्राणू अंड्यात टोचलेला असो वा नसो, वाढ जवळपास सारखीच. त्यामुळे संशयाची सुई केवळ तंत्राकडे नव्हे, तर वंध्यत्वाच्या मूळ कारणाकडेही वळते.

बहिणीला मी म्हणालो, ‘हजारांतल्या नऊशे ऐंशीहून अधिक बाळांत असा दोष नसतो. पण डॉक्टरांना गर्भाच्या हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल जरूर विचार. १८ ते २२ आठवड्यांत ती करतात.’ दोष आधी कळला, तर प्रसूती कोठे करावी हेही ठरवता येते. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘एवढं सरळ कुणी सांगितलंच नव्हतं.’

त्या चार देशांना हे कळले, कारण तेथे प्रत्येक जन्म नोंदवहीत आहे. आपल्या २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांसाठी राष्ट्रीय नोंदणीची तरतूद केली आहे. ती केवळ केंद्रांच्या परवान्यांपुरती न राहता मुलांच्या प्रकृतीपर्यंत पोहोचावी. एक नोंद नाकारल्याची किंमत या देशाने १९८१ साली मोजली आहे.