गरोदरपणात आणि बाळासाठी सेंद्रिय अन्न: हा प्रश्न आला कुठून?

"डॉक्टर, दिवस गेलेत, आता सगळं ऑरगॅनिकच आणायचं का?" संग्रामपूरसारख्या कपाशी-सोयाबीनच्या तालुक्यातही हा प्रश्न आता विचारला जातो. नुसतं हो किंवा नाही म्हणण्याआधी थोडा इतिहास बघा, म्हणजे कशाची काळजी करायची आणि कशाची नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

सेंद्रिय शेतीच्या आधुनिक विचाराचं एक मूळ आपल्या सातपुड्यापलीकडेच आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कापसावर संशोधन करत होते. काडीकचरा, शेण आणि माती यांपासून खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. त्यातलं बरंचसं आपण इथल्या शेतकऱ्यांकडून शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. आज तीच कल्पना पाकिटात भरून आपल्यालाच महाग विकली जाते!

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. मलेरिया कमी झाला, पिकंही वाचली. पण १९५१ साली अमेरिकेत आईच्या दुधात डीडीटी सापडल्याची नोंद झाली. आपल्याकडे १९५८ मध्ये केरळात कीटकनाशक सांडलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं गेली; त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. शेतीत डीडीटी वापरण्यावर १९८९ मध्ये बंदी आली. दुधात अंश सापडले म्हणून अंगावर पाजणं थांबवा, असा सल्ला मात्र जागतिक आरोग्य संघटनेने दिला नाही. तुम्हीही थांबवू नका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

बाळांचा वेगळा विचार सुरू झाला तो १९९३ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एका अहवालात सांगितलं, की मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. वजनाच्या मानाने ते जास्त खातं, मोजकेच पदार्थ पुन्हा पुन्हा खातं आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. १९९६ च्या तिथल्या कायद्याने मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा दहापट कडक करण्याची तरतूद केली. ही भीती खोटी नाही, हे यावरून कळेल.

पण पुढचंही ऐका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सगळे पुरावे तपासले. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अंश कमी असतात, हे मान्य. पोषण मात्र फारसं वेगळं नाही आणि मुलांची तब्येत त्याने सुधारते असा थेट पुरावा मिळाला नाही. भाज्या-फळं भरपूर खाणं महत्त्वाचं, मग ती कशीही पिकवलेली असोत, हा त्यांचा निष्कर्ष मलाही पटतो. आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा वेळी महागड्या पाकिटासाठी घरातली डाळ, अंडी, पालेभाजी कमी करणं हा तोट्याचा सौदा आहे. लोहाच्या गोळ्या तर चुकवूच नका.

आपल्या भागात खरा धोका ताटापेक्षा वावरात जास्त आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्वचेतून आणि श्वासातून जाणारं औषध भाजीवरच्या अंशापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणून पोटुशी बाईने औषध कालवू नये, पंपात पाणी ओतू नये, फवारलेल्या वावरात लगेच निंदायला जाऊ नये. फवारणीचे कपडे तिने धुऊ नयेत. ज्याने फवारलं त्याने स्वतःच वेगळे धुवावेत. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी तर कधीच भरू नये.

बाळाला सहा महिन्यांनंतर घरचीच मुगाची खिचडी, वरण-भात द्या. आपण खारपाणपट्ट्यात राहतो, त्यामुळे तांदूळ सेंद्रिय आहे का यापेक्षा तो कोणत्या पाण्यात शिजतो हे आधी बघा. क्षाराच्या बोअरऐवजी नळयोजनेचं पाणी घ्या. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. वरचा काही अंश जातो, आत मुरलेला जात नाही. परवडत असेल तर सेंद्रिय जरूर घ्या, पण पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह बघूनच. आणि कपाशीच्या ओळीत लावलेली भेंडी, चवळी, अंबाडी? ती या काळात तरी स्वयंपाकात नको. कपाशीचं औषध तिच्यावरही पडलेलं असतं. त्यापेक्षा घरामागे चार वाफे करा, शेणखत घाला आणि तिथली मेथी-पालक खुडा.